सिंकला फुटलेली पालवी

2017 साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि तेव्हापासून आमच्या आत्याच्या हाताला उसंत नाही. स्टेनलेस स्टीलच्या सिंकवर गंजाचा तांबूस ठिपका दिसला रे दिसला, की लोखंडी तारेची घासणी घेऊन ती त्याच्यावर तुटून पडते. वर ब्लीच ओतून रात्रभर ठेवते. सकाळी ठिपक्याला चार पिल्लं.

"फसवलं मेल्या भांडीवाल्यानं!"

खातरजमा करायला शेजारचे काका फ्रिजवरचा लोहचुंबकाचा गणपती घेऊन हजर. "अहो, चिकटला तर नकली, साधी गोष्ट आहे!" गणपती सिंकला चिकटला नाही. ठिपकेही हटले नाहीत. मग त्यांनी डबे, चमचे, आजोबांचं नाव घातलेला तांब्या, सगळ्यांना गणपती लावला. आता त्यांना कोण सांगणार, की निकेल वाचवायला मँगनीज घातलेलं स्वस्त 200 मालिकेचं स्टीलही चुंबकाला दाद देत नाही, पण गंजतं मात्र लवकर. उलट 430 या प्रतीचं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटतं, आणि त्यात क्रोमियम असतं सोळा-अठरा टक्के! काकांच्या कोर्टात ते बिचारं निर्दोष असून फासावर जातं.

खरी भानगड त्या क्रोमियमचीच. ते निदान साडेदहा टक्के असलं, की हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पोलादावर डोळ्यांना न दिसणारी साय धरतं. ओरखडा उठला तर ती आपली आपण पुन्हा धरते. पण मीठ आणि ब्लीच यांतलं क्लोराइड तिला जागोजाग भोकं पाडतं. बोअरचं पाणी वाळलं की मागे क्षार उरतात, ते वेगळेच. आणि घासणीचे लोखंडी कण सिंकवर रुतून बसतात नि स्वतःच गंजतात. गंज घासणीचा, नाव सिंकचं. आमच्या एकत्र कुटुंबात ही रीत जुनीच आहे.

आत्याला म्हटलं, "मऊ स्पंज घे, रेषा ज्या दिशेनं आहेत त्याच दिशेनं घास. डाग असेल तर खायच्या सोड्याचा लेप लाव. पोह्यांची लोखंडी कढई सिंकमध्ये रात्रभर ओली ठेवू नकोस. आणि शेवटी कोरडं पुसून घे."

"सिंक पुसायचं? कोरडं?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नर्मदेला टॉवेल द्यायला सांगितलं होतं.

पण पटलं एकदाचं. हल्ली सिंक आरशासारखं लखलखतं आणि त्यात कोणी नुसता चमचा विसळला तरी ती ओरडते. चहाचे कप आम्ही मागच्या मोरीत धुतो.