‘एअर रायफलला धक्काच नसतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी कराडहून मामेभावाचा फोन आला. "दादा, स्कोपमधली फुली तिरकी झालीये, आणि स्कोप रिंगमधून निघतच नाहीये." निघणार कसा? स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, ज्या कड्यांत बसते त्या रिंगच्या आत ॲराल्डाइट हा पक्का गोंद भरला होता. हे कुणी सांगितलं असं विचारल्यावर त्याने व्हॉट्सॲपवरचा मेसेज पाठवला: ‘एअर रायफलवर स्कोप बसवण्याच्या सात खात्रीशीर युक्त्या’. तो मला आधीच तीन ग्रुपवर आला होता आणि तिन्ही वेळा मी वाचून सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर पोराचे पैसे वाचले असते. त्याची रायफल नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, स्प्रिंग ताणायची, चांगल्या ताकदीची आहे. पुढे लिहितोय ते अशाच रायफलींबद्दल.

मेसेजची पहिली ओळच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे: ‘यात दारू जळत नाही, म्हणजे धक्का नाही. कुठलाही स्कोप चालतो. बंदुकीवर टिकणारा तर डोळे मिटून घ्या.’

मेसेज लिहिणारा हवा आधीच भरून ठेवलेल्या पीसीपी रायफलबद्दल हे बोलला असता तर मी मान्य केलं असतं. तिला धक्का जवळजवळ नसतोच. स्प्रिंगच्या रायफलचं काम वेगळं आहे. छर्रा असतो जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, त्याच्यामुळे साडेतीन किलोची रायफल हलत नाही. हलते ती आतल्या पिस्टनमुळे. चाप ओढला की दाबलेली स्प्रिंग त्या जड पिस्टनला पुढे फेकते आणि रायफल मागे येते. क्षणार्धात पिस्टन समोरच्या दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो, आणि तीच रायफल झटकन पुढे ओढली जाते. म्हणजे एका बारात दोन धक्के, तेही उलटसुलट. बंदुकीचा धक्का प्रामुख्याने एकाच दिशेचा असतो, त्यामुळे बंदुकीच्या अनेक स्कोपमधली भिंगं आणि फुलीची चकती त्याच दिशेला आधार देऊन बसवलेली असतात. उलट बाजूचा झटका शेकडो वेळा बसला की चकती सैल होते, फिरते, कधी तार तुटते. माझ्या भावाची फुली तिरकी झाली ती यामुळे. स्कोप मोठ्या बंदुकीवर टिकतो म्हणून स्प्रिंगवर टिकेल असं नाही. निर्मात्याने स्प्रिंग एअर रायफलसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तोच घ्या. शिवाय बंदुकीच्या बऱ्याच स्कोपचं पॅरालॅक्स (डोळा सरकला तरी फुली निशाणावरून हलत नाही ते अंतर) १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, कायम केलेलं असतं. आपण मारतो १० ते ३० मीटरवर. तिथे चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा सरकला तरी नेम सरकतो.

आता ती ॲराल्डाइटची युक्ती. मूळ वाक्य असं: ‘स्कोप सरकत असेल तर रिंगमध्ये ॲराल्डाइट लावा आणि ॲलन कीला फूटभर पाइप घालून फिरेल तेवढं आवळा.’ सातही युक्त्यांत सर्वांत जास्त नुकसान हिने केलंय.

व्होर्टेक्स या स्कोप बनवणाऱ्या कंपनीची सूचना सरळ आहे: रिंगचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, त्यापुढे नाही. १८ इंच-पाउंड म्हणजे साधारण २ न्यूटन-मीटर. दहा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दोन किलोचं वजन टांगलं तर जो पीळ बसेल, तेवढाच. आता फूटभर पाइप घ्या आणि हाताने दहा किलोचा जोर लावा: पीळ पंधरा पट होतो. स्कोपची नळी बहुतेकदा २५.४ मिलिमीटर व्यासाची आणि पातळ ॲल्युमिनियमची असते. ती पिचकते. बाहेरून दिसतं फक्त रिंगचं वळ, पण आतली जी नळी नेम जुळवायचा नॉब फिरवल्यावर हलायला हवी ती अडकते. मग नॉब चार खटके फिरवला तरी नेम जागचा हलत नाही, आणि एकदम पुढच्या छर्‍याला उडी मारतो. शिवाय रिंगचे आटे गेले तर वेगळेच. त्यावर ॲराल्डाइट! गोंदाने स्कोप रिंगला धरतो, हे खरं. पण रिंगखालचा माउंट, म्हणजे जबड्यांची पकड, रायफलवरच्या पट्टीवर, म्हणजे रेलवर, सरकतो त्याचं काय? बहुतेक वेळा सरकणारी जागा तीच असते, आणि तिथे गोंद नव्हताच.

मग करायचं काय? आधी सगळं खोलून रेल, माउंटचे जबडे, रिंगची आतली बाजू आणि स्कोपची नळी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. कारखान्यातलं तेल तसंच राहिलेलं असतं आणि निम्मं सरकणं तिथूनच होतं. मग खालच्या रिंगमध्ये पातळ टेपचा एकच थर. चारही स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा आणि दोन्ही बाजूंची फट सारखी राहतेय ना ते बघत जा. स्क्रू पक्का करणारं द्रव रिंगच्या स्क्रूंना लावू नका असंही व्होर्टेक्स सांगते, कारण ते आट्यांना वंगणासारखं होतं आणि त्याच पिळाला स्क्रू जास्त ताणला जातो.

‘स्टॉप पिन पॅकिंगसाठी असते, काढून टाका.’ नाही, बाबांनो! त्या दुसऱ्या, पुढच्या झटक्याला रायफल पुढे जाते आणि स्कोप जागीच राहू पाहतो. म्हणून माउंट हळूहळू मागे, डोळ्याच्या दिशेने येतो. तो थांबवायलाच माउंटखाली ती पिन असते. ती रेलवरच्या भोकात उतरवा आणि भोकाच्या मागच्या कडेला टेकलेली असू द्या. मात्र तळाला लागल्यावर पुढे फिरवू नका. पिन माउंटलाच वर उचलते आणि जबड्यांची पकड जाते. भोक नसेल तर मागच्या माउंटच्या पाठीमागे वेगळा अडसर लावायचा.

‘रेल सगळ्या ११ मिलिमीटरच्या असतात’ हे दुकानात ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात ‘११’ म्हणून विकलेल्या डोव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांच्या रेल, साडेनऊपासून तेराच्या पुढेही भरतात आणि त्यांच्या कडांचा कोनही वेगळा असतो. व्हर्नियरने मोजूनच माउंट घ्या.

‘छर्रा खाली लागतोय तर एलिव्हेशन शेवटपर्यंत फिरवा.’ एलिव्हेशन म्हणजे नेम वर-खाली करायचा नॉब. नळी मोडून ताणायच्या अनेक रायफलींत नळी रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते. उघड्या साइट्सवर, म्हणजे दुर्बिणीशिवायच्या नेमाच्या खुणांवर, हे जाणवत नाही, कारण त्या नळीवरच बसवलेल्या असतात. स्कोप बसतो मागच्या सिलिंडरवर, म्हणून तिथे कळतं. नॉब शेवटपर्यंत वर नेला की स्कोपच्या आतल्या नळीला दाबून धरणारी स्प्रिंग सैल पडते आणि प्रत्येक धक्क्याला झीरो, म्हणजे जुळवलेला नेम, भटकतो. हिशोब करून बघा: २५ मीटरवर १५ सेंटिमीटर खाली लागत असेल आणि दोन रिंग १०० मिलिमीटर अंतरावर असतील, तर मागची रिंग ०.६ मिलिमीटर उचलावी लागेल. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मचा एखादा तुकडा मागच्या रिंगखाली घालणं चालून जातं, पण एवढ्यासाठी चार-पाच लागतील आणि स्कोपची नळी वाकेल. इथे नळीचा झुकाव भरून काढणारा किंवा उंची बदलता येणारा माउंटच हवा.

‘वन-पीस माउंट टू-पीसपेक्षा चांगला.’ वन-पीस म्हणजे दोन्ही रिंग एकाच तुकड्यावर. बरं, हे बहुतांशी खरं आहे. पकड लांबवर पसरते, स्क्रू जास्त मिळतात, आणि ताकदवान स्प्रिंगवर मीही वन-पीसच वापरतो. पण रेल आखूड असेल तर तो बसत नाही, आणि डोळ्यापासूनचं अंतर जुळवायला टू-पीस सोयीचा पडतो.

सातवी युक्ती म्हणते, ‘जाड स्प्रिंग टाका, ताकद दुप्पट करा, मग स्पर्धेत उतरा.’ २०१६च्या आर्म्स रूल्सप्रमाणे २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी असली की परवाना लागतो. स्प्रिंग बदलून पोरं नकळत त्या रेषेपलीकडे जातील. आणि स्पर्धेचं म्हणाल, तर २०२४मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात ब्राँझ जिंकलं तेव्हापासून आमच्या भागात रायफलीचं वेड वाढलंय, पण ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही.

भावाच्या रिंग शेवटी करवतीने कापून काढाव्या लागल्या. स्कोपच्या नळीवर दोन वळ होते आणि एलिव्हेशनचा नॉब अडकला होता. नवा स्कोप पुढच्या महिन्यात घेणार आहे. त्याला एवढंच सांगितलंय की माउंट बसवला की मागच्या जबड्याला चिकटून रेलवर पेन्सिलीची बारीक रेघ मार, पहिले पन्नास छर्रे झाले की रेघ बघ, आणि जबडा रेघेवर चढलेला दिसला तर एकही छर्रा न मारता मला फोन कर.