पन्नास फाउंड्र्यांऐवजी एकच मोठा कारखाना का नको?

छोट्या कारखान्यांबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यात आक्षेप दोन. कोल्हापुरातल्या पन्नास छोट्या फाउंड्र्यांचं (लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांचं) काम एक मोठा कारखाना स्वस्तात करेल. आणि ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा असताना थकलेल्या बिलांचं रडगाणं कशाला?

पहिला आक्षेप अर्धा खरा आहे. इंडक्शन (विजेच्या) भट्टीत एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला ढोबळमानाने ६०० युनिट वीज जाते. यील्ड, म्हणजे वितळवलेल्यातून हाती येणारा चांगला माल, ६० टक्के असेल तर एक टन चांगल्या कास्टिंगमागे (ओतलेल्या नगांमागे) हजार युनिट. गेटिंग-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटा) अंदाजपंचे लावले आणि यील्ड ५० वर आलं, की तेच १,२०० होतात. असं अंदाजपंचे काम चालणाऱ्या फाउंड्र्या आहेत, नाकारत नाही.

पण महिन्याला ४० नग लागणारं पंपाचं केसिंग (बाहेरचं कवच) मोठ्या कारखान्याची मोल्डिंग लाइन (साचे बनवणारी यंत्रांची रांग) घेतच नाही. तेवढ्यासाठी पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) बदलत बसणं तिला परवडत नाही. इथे पॅटर्न उद्यमनगरात बनतो, कास्टिंग शिरोलीत, मशीनिंग गोकुळ शिरगावात. मशीनवर दुसऱ्या कटला ब्लोहोल (वायूमुळे आत राहिलेलं भोक) उघडा पडला, तर नग टेम्पोतून त्याच दुपारी फाउंड्रीत परत. भोक कोअरलगत (नगातली पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यालगत) असेल तर बहुधा कोअर कच्चा भाजलेला. भोकं बाकी अंगावर पसरलेली असतील तर आधी वाळूचा ओलावा बघायचा, तीन-चार टक्क्यांच्या वर गेलेला असतो. फाउंड्री नग बदलून देते, वाया गेलेली मशीनिंगची मजुरी कुणाची यावर मात्र डेबिट नोटांची (बिलातून रक्कम कापल्याच्या चिठ्ठ्यांची) लढाई ठरलेलीच.

आता पैसे. समजा, महिन्याची विक्री १ कोटी आणि पार्टी (खरेदीदार) पैसे ९० दिवसांनी देते. ३ कोटी अडकले. सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज ११ टक्के धरलं तर वर्षाला ३३ लाख. ४५ दिवसांत मिळाले असते तर साडेसोळा. भंगार आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) देणारा मात्र तेवढा थांबत नाही.

कायदा आहे, आणि चांगला आहे. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यात लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवस, नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात ती ४३बी(एच) होती) मुदतीत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, खरेदीदाराला खर्चात धरता येत नाही. अडतं ते तारखेवर. मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात आणि खरेदीदार जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) सावकाश काढतो. पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवसच स्वीकाराचा. म्हणून चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नये. फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या बिलांची तक्रार ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जाताना पहिला पुरावा तोच. तरी बरेच जण जात नाहीत, कारण पुढची ऑर्डर त्याच पार्टीकडून यायची असते. याला तुम्ही भित्रेपणा म्हणता. एकाच गिऱ्हाइकावर निम्मी विक्री असणारा तसं म्हणणार नाही.

आणि ‘सगळ्या एमएसएमईंना’ हे संरक्षण आहे असं तुम्ही लिहिलंय, ते चूक. कलम सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरतंच आहे, मध्यम त्यात येत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून लघुची मर्यादा गुंतवणुकीत २५ कोटी, उलाढालीत १०० कोटी. नुसतं ट्रेडिंग करणाऱ्यांची उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणी) तर फक्त प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरती.