डाव्या खांद्याची पूरपातळी

रविवारी सकाळी पंचवटीत मिसळ खायला जायचं, हे आम्हा चौघा मित्रांचं पंधरा वर्षांचं व्रत आहे. बिल आळीपाळीने द्यायचं. गेल्या जुलैत एका रविवारी माझी पाळी होती. पाकीट माझं डाव्या बाजूच्या मागच्या खिशात असतं. नेहमीप्रमाणे हात मागे नेला, तो कमरेच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. जरा जोर लावला तर खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांत टचकन पाणी आलं. समोर तर्रीची वाटी असल्याने त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

"काय रे, पाकीट घरी राहिलं?"

"नाही, आहे. पण हात पोचत नाहीये."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग तिघे असे हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पापड खाली ठेवला. आजवर बिल टाळण्याची कारणं बरीच ऐकली, पण खिशापर्यंत हातच पोचत नाही हे अगदी ताजं आहे, असं एकाने जाहीर केलं. शेवटी मी उजवा हात पाठीमागून फिरवून डाव्या खिशातलं पाकीट दोन बोटांनी ओढून काढलं. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस स्वतःचाच खिसा मारतोय.

उजव्या माणसाचा डावा हात म्हणजे एकत्र कुटुंबातला धाकटा दीर. घरात असतो, सांगितलेली कामं करतो, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. तो रुसला की मग कळतं, अर्धं घर त्याच्यावर चाललं होतं. पुढच्या पंधरा दिवसांत मला असे बरेच शोध लागले. पट्टा मागच्या लुप्यांतून ओवायला डावा हात लागतो. वरच्या फळीवरचा डबा उजव्या हाताने काढताना खालून आधार द्यायला डावाच लागतो. पाठ खाजवायलाही डावा लागतो. पाठीचा मधला भाग तर माझ्या हद्दीतून गेलाच. तिथे खाज सुटली की मुलीची लाकडी फूटपट्टी आणायची, नाहीतर दाराच्या चौकटीला पाठ घासत उभं राहायचं. म्हशीला हे जमतं तेव्हा ती किती प्रसन्न दिसते, हे तेव्हा पटलं.

झोपेत अवघडला असेल, असं म्हणत मी महिनाभर ढकलला. आम्ही मूळचे येवल्याचे. आई अठ्ठ्याहत्तरची आहे आणि तिचा निर्गुडीवर पूर्ण विश्वास आहे. कुठून कोण जाणे पाला आणवला, तव्यावर गरम केला, फडक्यात बांधला आणि शेकायला बसली. शेकताना एकच मुद्दा, वेगवेगळ्या शब्दांत: "आमच्या वेळी नाही असले खांदे धरत. जात्यावर दळलं असतंस ना रोज पायली." मी म्हटलं, आई, बाबा कुठे दळायचे? ती म्हणाली, "म्हणूनच त्यांची कंबर धरायची."

ऑगस्टमध्ये हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे अगदी स्वच्छ निघाला. मी जरा खट्टूच झालो. इतकं दुखतंय म्हणजे फोटोत काहीतरी दिसायला हवं होतं. डॉक्टरांनी हात इकडून तिकडून फिरवला, मी दोन-तीनदा ओरडलो, आणि ते म्हणाले, "फ्रोझन शोल्डर. वय?"

"एकोणपन्नास."

"बरोबर वेळेवर झालंय."

चाळीस ते साठ हा या दुखण्याचा हंगाम. सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं, आक्रसतं आणि खांद्याला आतूनच करकचून बांधून टाकतं. आधी दुखण्याचा काळ, मग गोठण्याचा, मग सुटण्याचा. सगळं मिळून वर्ष, दीड वर्ष, कधी दोन-तीनही. "बहुतेकांचा आपोआप सुटतो," असं त्यांनी दिलाशाच्या सुरात सांगितलं. मी अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात आहे. एखादं मशीन बंद पडल्यावर मेंटेनन्सवाल्याने मला "साहेब, दोन वर्षांत आपोआप सुरू होईल" असं सांगितलं असतं, तर त्याला मी गेटबाहेर सोडून आलो असतो. इथे मात्र फी दिली आणि थँक्यू म्हणालो.

घरी येऊन वाचायला घेतलं. फ्रोझन शोल्डर हे नाव १९३४ मध्ये बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनने दिलं. त्यानेच लिहून ठेवलंय की या प्रकाराची व्याख्या करणं अवघड, उपचार करणं अवघड आणि तो का होतो हे सांगणंही अवघड. असा प्रामाणिक रिपोर्ट आमच्या डिपार्टमेंटमध्ये कुणी लिहिला तर त्याचं प्रमोशन कायमचं अडकेल. जपानी लोकांनी तर भानगडच ठेवली नाही. ते याला 'गोजूकाता' म्हणतात, म्हणजे पन्नाशीचा खांदा.

खरी मेख पुढे होती. हे दुखणं साखरवाल्यांना जास्त होतं, म्हणून डॉक्टरांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करायला लावली. आली ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मी नोकरीत पंचवीस वर्षं टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, ते बघत आलोय. मला वाटलं, अजून वरच्या मर्यादेला ०.३ शिल्लक आहेत, म्हणजे माल पास. बायकोने तो कागद फ्रिजवर लावला आणि मिसळीबरोबरची जिलबी त्या दिवसापासून बंद झाली. खांद्याच्या तक्रारीवर जिलबी कशी काय जाते, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. म्हणजे दिलंय, पण मला पटलेलं नाही.

फिजिओथेरपीची मुलगी माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिने खांद्यापाशी एक पारदर्शक कोनमापक धरला. मी लगेच ओळखलं, हा आमच्या कारखान्यातल्या कोन मोजायच्या बेव्हल प्रोट्रॅक्टरचा गरीब भाऊ. "लीस्ट काउंट किती याचा?" असं मी विचारलं.

"काका, हात सैल सोडा."

हात समोरून वर: पंच्याऐंशी अंश. बाहेरच्या बाजूला फिरवणं: दहा. तिने ते वहीत लिहिलं आणि मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की भिंतीला बोटं लावायची आणि बोटांनी पायऱ्या चढल्यासारखं वर वर जायचं. रोज तीनदा. जिथे थांबेल तिथे खूण करायची.

आता ही भिंत. आमच्या हॉलमधल्या दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. बालवाडीपासून दहावीपर्यंत दर जूनमध्ये एक. दोनदा घराला रंग लागला, पण ती चौकट रंगवू दिली नाही. मी चौकटीलगतच्या भिंतीवर बोटं लावली, चढवत नेली, दात-ओठ खात अजून दोन बोटं ढकलली आणि थांबलो. मुलीने शेजारच्या खुणा बघितल्या. "बाबा, तुम्ही तिसरीत आहात."

पण घरात खरी चालली ती बायकोची भाषा. ती जुन्या नाशकातली आहे, लहानपण गंगेच्या काठावर गेलेलं. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. बाहेरच्यांचा गोंधळ उडतो, त्याला आमचा इलाज नाही.) तिकडे पावसाळ्यात पूर मोजायला मीटर-फूट लागत नाहीत, रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव एकच विचारतं, कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत म्हणजे नेहमीचंच. कमरेपर्यंत म्हणजे भांडीबाजारातल्या दुकानदारांनी माल वर उचलायचा. छातीपर्यंत म्हणजे नातेवाइकांचे फोन सुरू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं होतं. ते बायको अजूनही सांगते, आणि दर वेळी पाणी थोडं वाढलेलं असतं.

तर ती स्वयंपाकघरातून विचारू लागली, "अहो, आज कुठपर्यंत?"

"कमरेपर्यंत."

"कालही कमरच होती ना?"

"विसर्ग कमी आहे."

पूर वाढावा म्हणून रोज तीनदा मनोभावे प्रयत्न करणारं नाशकातलं हे एकमेव घर असावं.

सगळ्यात वाईट आठवण बनियनची आहे. नियम सोपा आहे: घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. फिजिओने दोनदा पाठ करून घेतला होता. एका सोमवारी शिफ्टची घाई, डोक्यात ऑडिट, आणि मी सवयीने दोन्ही हात फुली करून बनियन खालून धरलं आणि वर ओढलं. उजवा हात गेला वर. डावा छातीपाशी अडला. डोकं आत. बनियन कानांवर घट्ट, उजवं कोपर आभाळाकडे, आणि आत अंधार, स्वतःच्याच घामाचा वास. खाली ओढावं तर उजवा हात मोकळा नाही. वर ओढावं तर डावा परवानगी देत नाही. तसाच एका जागी गोल फिरलो, कपाटाला धडकलो आणि हाक मारली. बनियनमधून हाक कशी येते ते मला आता माहीत आहे. बायको शाळेतल्या कुणाशी तरी फोनवर होती. मुलीने दार उघडून पाहिलं आणि संपूर्ण मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई! बाबा बनियनमध्ये अडकलेत!"

जिन्यात दूधवाला होता. हे मला नंतर कळलं, कारण दुसऱ्या दिवशी त्याने फार काळजीने विचारलं, "दादा, निघालं का?"

सुटका आईने केली. नव्वद सालापर्यंत आमच्या घरात ज्या हुकमी पद्धतीने शाळेच्या आधी मुलांचे कपडे उतरवले जात, तीच पद्धत. "डोकं खाली. हात सोड. श्वास घे." झालं. मग शांतपणे म्हणाली, "तुझे आजोबा बंडी घालायचे. पुढून बटणं. कसला त्रास नाही." तेव्हापासून मी बंडी घालतो. खिसाही आहे तिला आतून. पाकीट तिथेच ठेवतो, आणि मिसळीचं बिल आता बिनतक्रार देतो. मित्रांचा हिरमोड झाला.

कामाच्या ठिकाणी फारसा फरक पडला नाही. व्हर्नियर उजव्या हातात, पार्ट डाव्यात, कोपर अंगाला चिकटलेलं. एवढी मुभा खांद्याने दिली होती. फक्त मॉलच्या दारावर पहारेकरी "हात वर" म्हणतो तेव्हा माझा एक हात वर आणि दुसरा आडवा, वाहतूक पोलिसासारखा. मागची माणसं डावीकडून निघून जातात.

थंडी पडली तसा शेजाऱ्यांना 'फ्रोझन'चा अर्थ नव्याने कळला. निफाडचा पारा घसरला की वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात थांबवून विचारायचे, "आज काय, जास्त गोठला असेल?" पहिल्यांदा मी आवरण, सांधा वगैरे समजावलं. नंतर नुसतं हो म्हणायला लागलो. रात्री मात्र खरंच जड जायच्या. डाव्या कुशीवर वळलं की जाग. मग उठून हॉलमध्ये यायचं आणि अंधारात भिंतीवर बोटं चढवत उभं राहायचं. एकदा आई पाणी प्यायला उठली, मला तसं पाहिलं आणि दिवा न लावता परत गेली. सकाळी काही बोलली नाही. ताटात निर्गुडीची पुरचुंडी तेवढी आली.

आणि मग संक्रांत. येवलेकराला संक्रांत म्हणजे तीन दिवस गच्ची: भोगी, संक्रांत आणि कर. हलकडी वाजतेय, आभाळ दिसत नाही आणि आसारीवर, म्हणजे फिरकीवर, मांजा. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं आमच्या गच्चीवरची वाटणी ठरलेली आहे. पतंग मी उडवतो, आसारी बायको धरते. पतंग काटला तर माझं कसब. कटला तर तिने ढील वेळेवर दिली नाही.

या वेळी दोन्ही हात वर करून खेच मारणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, राहू दे, बघत बसतो. बायकोने काही न बोलता आसारी माझ्या हातात दिली आणि दोरी स्वतः घेतली. तिला येतं हे मला माहीत नव्हतं. गंगेच्या वाऱ्यावर वाढलेली बाई, मी बावीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

"अहो, ढील!"

दिली.

"ढील म्हणतेय ना! झोपलात का? आता गुंडाळा! गुंडाळा भराभर! काय हो, इतकं साधं जमत नाही?"

शब्दन् शब्द माझा होता. आवाजाची पट्टीसुद्धा. दहा मिनिटांत समोरच्या बिल्डिंगचा लाल पतंग गिरक्या घेत वीजवाहिन्यांपलीकडे गेला. मुलगी "वकाट!" म्हणून ओरडली, मीही ओरडलो आणि दोन्ही हात वर केले. म्हणजे उजवा वर, डावा मारुतीच्या छातीपर्यंत. समोरच्या गच्चीवरून एकाने ओरडून विचारलं, "काका, शरण आलात का?"

संध्याकाळी भिंतीपाशी उभा राहिलो. मुलीने मोबाइलचा दिवा धरून चौकटीवरची खूण वाचली आणि सातवी पास झाल्याचं जाहीर केलं. आईने तिळगुळाचा लाडू आणला, फ्रिजवरच्या कागदाकडे एकदा बघितलं, लाडू मोडला आणि अर्धा मला दिला.

मी तो चघळत म्हटलं, या चालीने पुढच्या संक्रांतीला दोरी माझ्याच हातात असेल.

बायको बोटांना मांज्याने पडलेले चरे बघत बसली होती. तिने मान वर केली नाही. "पुढचं पुढे बघू. उद्या कर आहे. सकाळी आठला वर या, आणि ती आसारी जरा पुसून ठेवा. अडकते मधेच."