फोटोपलीकडचंही बघा

‘जी-७च्या बैठकांतून फोटोपलीकडे काही निघत नाही’ हे जी-७ या सात श्रीमंत देशांच्या गटावरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. २२ सप्टेंबर १९८५ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी डॉलरचा भाव उतरवायचं ठरवलं. (सातातले पाचच होते, पण बडे तेच.) तेव्हा डॉलरला साधारण २४० येन मिळत, १९८७ संपेपर्यंत १२०च्या आसपास!

मी तेव्हा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात खरेदी बघायचो. जपानी मशीनच्या सुट्या भागांचं प्रत्येक नवं कोटेशन आधीपेक्षा चढं. जपानवाल्यांनी भाव वाढवलेलाच नसायचा, येनच महागलेला. शेठ मात्र डाफरायचे माझ्यावर. आता एकमेकांवरच आयातशुल्क लावणाऱ्या या देशांकडून असं काही एकत्र ठरणं कठीण, एवढं लेखकाचं मान्य.