घरच्यांनाही बोलवा

लष्करी मनोविकारतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत फक्त डॉक्टरांनीच बोलावं, हे लेखातलं मत मला पटलं नाही. माझा थोरला भाऊ सीमेवरून सुट्टीवर बीडला यायचा, तेव्हा रात्र रात्र ओसरीवर जागा बसायचा. आई म्हणायची, नजर लागली. तीन सुट्ट्या अंगारे-धुपाऱ्यात गेल्या. हे दुखणं आहे, त्यावर औषध आहे, असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, २०२३ मध्ये जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, खास कक्ष सुरू झाला, नंबर १४४१६. माझ्या वहिनीला तो आत्ता माझ्याकडून कळला. परिषदेचा निदान अर्धा दिवस घरच्यांचं ऐकायला ठेवा. आणि एखाद्या वर्षी ती छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत भरवा, तिथवर आम्हाला एसटीने येता येईल.