उलटी पट्टी

आंबेवाल्याला हिशेब कळत नाही असं कोणी म्हटलं, तर मी कपाटातला पट्ट्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे टाकतो. पट्टी म्हणजे वाशीच्या मार्केटातून येणारा विक्रीचा कागद. वर पेट्यांचा भाव दिमाखात बसलेला असतो. मग भाडं, हमाली असं एकेक खाली उतरत जातं आणि तळाशी जे उरतं ते बघून माणूस पुढच्या पावसात काजू लावायचं ठरवतो. वीस वर्षं हा कागद वाचल्यावर गाडीच्या शोरूममधला पोरगा मला काय गुंडाळणार, अशा तोऱ्यात मी होतो.

पोराने कोटेशन पुढे सरकवलं आणि माझा तोरा उतरला. ही तर पट्टीच! फक्त उलटी. लहान आकडा वर, मोठा खाली.

एक्स-शोरूम 7,40,000. पेट्रोल गाडीचा 11 टक्के रोड टॅक्स 81,400. तो सरकारचा, तिथे भांडून उपयोग नाही. विमा 46,000. ‘एसेन्शियल किट’ 14,000, म्हणजे पायपुसणी, चिखल अडवायच्या पट्ट्या, चावीला झबलं आणि एक वासाची बाटली. गंजू नये म्हणून गाडीच्या पोटाला कोटिंग, 6,500. फास्टॅग 600. आणि शेवटी हँडलिंग चार्जेस 8,500. एकूण 8,97,000.

“हँडलिंग म्हणजे काय रे?”

“सर, गाडी यार्डातून इथे आणायची, धुवायची, पुसायची...”

“म्हणजे हमाली.”

पोरगा ओशाळं हसला. आंबा विकताना हमाली माझ्याकडून, गाडी घेताना हमाली माझ्याकडूनच. एकदा तरी समोरच्याने हमाली भरलेली बघून मरावं, एवढीच आता इच्छा आहे.

खरं तर ही खरेदी सप्टेंबरातच उरकायची होती. मामाचा सिद्धांत असा, की पितृपक्षात शोरूमकडे कावळाही फिरकत नाही, तेव्हा गेलेल्या गिऱ्हाइकाला देव मानतात. पण 2025 साली आमचे अकरा दिवसांचे गणपती घरात असतानाच, 3 सप्टेंबरला, बातमी आली की लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर येणार आणि वरचा सेसही जाणार. तोही 22 तारखेपासून, म्हणजे बरोब्बर घटस्थापनेला. पितृपक्षात मी गेलो तेव्हा हाच पोरगा म्हणाला, “सर, थांबा, 22 ला या.” कंबर कसून घासाघीस करायला गेलेल्या माणसाला समोरच्यानेच ‘थांबा, स्वस्त होईल’ म्हणावं, याच्यासारखा पाणउतारा नाही. 22 ला गेलो, तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुडाळच्या एसटी स्टँडवर असते तशी गर्दी. सूट हा शब्द काढायचीही कोणाची छाती नव्हती. मी आल्या पावली परतलो. डिसेंबर गाठायचा ठरवला, कारण 31 डिसेंबर उलटला की कोरी गाडीसुद्धा ‘गेल्या वर्षाची’ होते आणि शोरूमवाल्यांची झोप उडते.

डिसेंबरात मी आयेला बरोबर नेलं. मालवणच्या बाजारात ती मासे घेते तेव्हा दर विचारत नाही. दर विचारला की घ्यायची इच्छा कळते. ती सुरमईचा गालफडा उचलते, आत लाल आहे का बघते, बोटाने दाबते आणि न बोलता पुढच्या टोपलीकडे जाते. मागून हाक येतेच. ही विद्या मला उतरलेली नाही. मला बांगडे देताना कोळीण आधी हसून घेते.

आयेने गाडीला प्रदक्षिणा घातली. गालफडा काही सापडेना. शेवटी वाकून टायर दाबला.

“ताजी आसा मा?”

इथे माझा अभ्यास कामी आला. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. या टायरवर होतं 1825, म्हणजे 2025 सालचा अठरावा आठवडा. मी आयेला सांगितलं, टायर मे महिन्याच्या सुरुवातीचे. गाडीही त्याच सुमाराची असेल.

“म्हणजे आख्खो पावसाळो भायर काढल्यान काय हिणा?” आये शोरूमभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. शेजारच्या गाडीत बसलेलं एक जोडपं हळूच उतरलं.

पोरगा काचेच्या केबिनकडे धावला. एव्हाना त्याची ही चौथी फेरी. मी काही मागितलं की हा आत जाई, काचेपलीकडे मॅनेजर मान हलवी आणि हा बाहेर येऊन देवाने डावा कौल दिल्यासारखा चेहरा करी. या वेळी मात्र कौल उजवा पडला. सूट 25,000.

विमा बाहेरून घ्यायचा हेही मी सांगून टाकलं. शोरूमचाच घ्या अशी सक्ती नसते, आणि त्याच संरक्षणाचा माझ्या भाच्याने आणलेला आकडा होता 33,000. किट रद्द. कोटिंगही मी खोडणार, तेवढ्यात आयेने पेन धरलं. “तां रवांदे. आपल्या गेटाचा काय झाला बघलंस मा?” आमचं लोखंडी गेट खाऱ्या वाऱ्याने इतकं खाल्लंय, की आता ते फक्त रंगावर उभं आहे. कोटिंग राहिलं.

उरली हमाली. मी बाह्या सरसावल्या. आणि नेमकं तेव्हाच आयेने पोराला विचारलं, “बाबा, तू खयचो?”

“देवगडचो.”

“देवगडात खय?”

झालं. दोन मिनिटांत गाव निघालं, तिसऱ्या मिनिटाला वाडी. आयेचं माहेर! पोराच्या आजीने हिला विहिरीवर पोहायला शिकवलेलं. माझं ब्रह्मास्त्र डोळे पुसत पोराच्या पाठीवरून हात फिरवू लागलं.

“आये, हँडलिंगचे साडेआठ हजार...”

“गप रव. पोराच्या पोटार पाय दिव नको.”

हे पैसे पोराच्या पोटात जात नाहीत, हे मी परोपरीने सांगितलं. शेवटी पोरालाच माझी दया आली. पाचव्यांदा आत जाऊन त्याने अर्धे कमी करून आणले. राहिले 4,250. एकूण 8,40,750. वर आयेने त्याला गाडी घरी येईल त्या दिवशीचं जेवणाचं आमंत्रण दिलं.

गाडी आली. शोरूममध्ये लाल कापड ओढून झालं, हातभर लांबीची पुठ्ठ्याची चावी धरून फोटो झाला. घरी मात्र खळ्यात नारळ ठेवून गावच्या मानकऱ्यांनी रीतसर गाऱ्हाणं घातलं. त्या 4,250 ची कथा मी तोवर अख्ख्या वाडीला ऐकवली होती, काहींना दोनदा.

“बा देवा रवळनाथा, ह्या तुज्या लेकरान नवी गाडी हाडल्यान हा, तिची राखण कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हायवेच्या खड्ड्यापासून, गुरावासरापासून सांबाळ म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि गाडयेची हमाली जो कोण गिरायकाकडसून घेता, त्येका सुबुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज पाठीमागून आला. वळून पाहिलं, तर सोलकढीचा गिलास हातात घेऊन शोरूमचा पोरगा उभा होता.