जागा आहे का?

गे डेटिंग ॲपवर येणारा पहिला मेसेज. ‘हाय’ नाही, ‘कसा आहेस’ नाही, नाव तर फार पुढची गोष्ट. थेट ‘प्लेस?’ काही महाभाग प्रश्नचिन्ह टाकायचेही कष्ट घेत नाहीत. नुसतं ‘प्लेस’. सकाळी दात घासताना प्लेस, ऑफिसात मीटिंग चालू असताना प्लेस, रात्री पावणेदोनला प्लेस. आणि ‘नाही’ म्हटलं की गडी गायब. काही जण वर ब्लॉक करून जातात, म्हणजे मीच त्यांचा वेळ खाल्ला असं झालं.

मी पुण्यात कर्वेनगरला वन बीएचकेत एकटा राहतो. भाड्याने. पण पुण्यातल्या गे पोरांमध्ये याहून मोठी इस्टेट नाही. बाकीचे कुठे राहतात बघा ना. एमपीएससीवाले सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत चार-पाच जण आणि दोरीवर सगळ्यांच्या बनियन. हिंजवडीवाले शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये. चाकण-भोसरीचे कंपनीवाले शिफ्ट बदलली की एकमेकांच्या गाद्यांवर झोपणारे. आणि अस्सल पुणेकर असेल तर आई, बाबा, आजी आणि दुपारी एक ते चार कोणीही बेल वाजवायची नाही. अशा शहरात आतून कडी लावता येईल अशी खोली ज्याच्याकडे आहे तो राजा. तो राजा मी आहे आणि मला या राज्याचा वीट आलाय. लोक मला माणूस म्हणून विचारतच नाहीत, मंगल कार्यालय असल्यासारखे विचारतात: अमुक तारखेला रिकामं आहे का, पार्किंग आहे का, किती वाजेपर्यंत मिळेल.

मध्यंतरी वैतागून प्रोफाइलवरून ‘होस्ट करतो’, म्हणजे माझ्याकडे जागा आहे, एवढं काढून टाकलं. फोटो तोच, उंची तीच, वय तेच. मेसेज असे आटले की फोन बिघडला की काय असं वाटलं. म्हणजे इतके दिवस जे ‘हँडसम’, ‘क्यूट’, ‘काय डोळे आहेत’ चाललं होतं ते माझ्या डोळ्यांना नव्हतंच. ते माझ्या बेडरूमच्या दाराला होतं.

आता कोणी शहाणा म्हणेल, अरे, कायदा बदलला, दिवस बदलले, काय रडतोस. हो बाबा, बदलला. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की दोन सज्ञान माणसं राजीखुशीने खासगीत जे करतात तो गुन्हा नाही. १८६० पासून मानेवर बसलेलं कलम ३७७ आमच्यापुरतं उतरलं. मी त्या दिवशी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडलो होतो, खोटं कशाला बोलू. पण ‘खासगीत’ म्हणजे कुठे? त्या खासगीचं कोथरूडला डिपॉझिट किती, ब्रोकरेज किती, बॅचलरला देतात का, हे सांगायला कोर्ट येणार नव्हतंच. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टाने आमच्या लग्नाला मान्यता द्यायला नाही म्हटलं. मग २०२४ मध्ये केंद्र सरकारने कळवलं की आपल्यासारख्या जोडप्यांना रेशन कार्डासाठी एकाच घरातले धरावं, आणि बँकेत जॉइंट खातं उघडायला आडकाठी नाही. रेशन कार्ड! वाचून मी हसलो की चिडलो मलाच कळलं नाही. कार्डावर दोघांची नावं लावायला आधी दोघांचा एक पत्ता नको का? इथे शनिवारी संध्याकाळचे दोन तास मिळायची मारामार.

माझ्या ओळखीतले एक काका आहेत, मुंबईचे, साठी उलटलेली. ते सांगतात, त्यांच्या वेळी लोकलचे डबे, स्टेशनं, बागा, हेच सगळं होतं. पोलिसाने पकडलं की ३७७ चं नाव काढायचं आणि घड्याळ, पाकीट, असेल ते काढून घ्यायचं. काका मला म्हणतात, तुम्ही नशीबवान. मी काही बोलत नाही. त्यांना कसं सांगू की आता पोलिसाऐवजी ‘प्लेस आहे’ म्हणणाराच लुटतो. गोड बोलून बोलावतात, आत गेलं की आणखी तिघे बाहेर येतात, व्हिडिओ काढतात आणि यूपीआयने पैसे घेतात. हे प्रकार शहरोशहरी पेपरात येऊन गेलेत. आणि जो लुटला गेला तो चौकीत जाऊन काय सांगणार, मी तिथे कशाला गेलो होतो?

बरं, स्वतःची जागा असूनही ती आपली असते का? सोसायटीच्या गेटवर येणाऱ्याचा फोटो काढतात, मला सोसायटीच्या ॲपवर विचारतात, वर रजिस्टरमध्ये ‘भेटीचे कारण’ असा रकाना. सगळे लिहितात ‘मित्र’. सेक्रेटरी एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, “तुमचा मित्रपरिवार मोठा दिसतो.” दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट रिन्यू करताना मालकीणबाई विचारतात, “यंदा तरी लाडू देणार ना?” म्हणजे माझं लग्न होत नाही ही आता त्यांच्या फ्लॅटची अडचण झालीय. पंचविशीत दोन मुलगे एकत्र राहिले तर कोणाला काही वाटत नाही, मॅच बघत असतील. पस्तिशी आली की तेच लोक भिंतीला कान लावतात.

आणि याच भीतीतून ते घाणेरडं प्रकरण येतं. ‘बायल्या नको’, ‘ओन्ली मर्दानी’, ‘स्ट्रेट दिसणाराच पाहिजे’. प्रोफाइल उघडावं तर छाती ते बेंबी एवढाच फोटो, मुंडकं नाही, आणि खाली हे. आवड आपापली, मान्य. मला स्वतःला चष्मेवाले, जरा गबाळे, शर्टाचं एक टोक बाहेर आलेले आवडतात, त्याबद्दल मी कोणाची माफी मागत नाही. पण यातल्या अर्ध्या लोकांना आवडबिवड काही नसते, वॉचमनची भीती असते. माझा एक मित्र डोळ्यांत काजळ घालतो. त्याला दिसतंही सुरेख. खराडीच्या एकाने त्याला बोलावलं आणि वर सांगितलं, येताना काजळ पुसून ये, लिफ्टमध्ये लोक असतात. या वेड्याने पुसलं. कोथरूडहून खराडी, पीएमपीच्या दोन बस बदलून, उभ्याने. गेटपाशी पोहोचून फोन केला, तर त्या मर्दाने बाल्कनीतून त्याची चाल बघितली आणि तिथूनच ब्लॉक केलं. वर बोलावून पाणीसुद्धा नाही पाजलं! त्या रात्री मित्र माझ्याकडे आला तेव्हा काजळ पुन्हा पसरलेलं होतं, पण ते पुसल्यामुळे नाही. असल्या मर्दाला एकदा हाताशी धरून विचारायचंय, की अरे, शाळेत तुला कोणी ‘बायल्या’ म्हटलं नव्हतं का? मग तेच शब्द तुझ्या बोटांतून इतके सहज कसे टाइप होतात?

लॉजचं नाव काढू नका. दोन पुरुषांना खोली द्यायला तशी कोणाची हरकत नसते, पण आधारवर पुण्याचा पत्ता दिसला की काउंटरवरचा भुवया वर करतो. ‘लोकल आयडी चालत नाही.’ सासवडला राहणाऱ्याने पुण्यात खोली घेतली तर चालते, पुण्याच्याने घेतली तर नाही. हे शास्त्र कोणी शोधलं?

आणि मग येतो मे महिना. शाळांना सुट्ट्या लागतात, वहिनी पोरांना घेऊन माहेरी जातात आणि ॲपवर अचानक सगळ्यांकडे ‘प्लेस’ येते. अकरा महिने ज्यांनी माझ्याकडे ‘प्लेस प्लेस’ केलं ते आता स्वतः आमंत्रणं धाडतात. गणपतीत कोकणवाले गावी गेले की पुन्हा तोच बाजार. असाच एक जण, स्वतःला सिंगल म्हणवणारा, ‘घरचे गावाला गेलेत’ म्हणाला. घरचे म्हणजे मला आई-वडील वाटले. हात धुवायला गेलो तर बेसिनवरच्या आरशाला टिकल्या चिकटवलेल्या. लाल, मरून, एक खड्याची. शेजारी लहान मुलाचा ब्रश. मी तसाच ओल्या हातांनी निघालो, तर हा मलाच म्हणतो, “तुला काय फरक पडतो?” लग्न तुझ्यावर घरच्यांनी लादलं असेल, मला कळतं, माझ्याही घरी कांदेपोह्यांच्या दोन फेऱ्या झाल्यात. पण मी ‘नाही’ म्हणालो ना? घरात वर्षभर बोलणं बंद होतं, ते सोसलं ना? ज्या बाईला तू आणलंस तिला हे काही माहीत नाही, आणि तिच्याच उशीवर मी डोकं टेकवायचं? वर मला फरक पडत नाही?

या सगळ्या गर्दीत एक बरा भेटला, म्हणून खरं तर डोकं जास्तच फिरलंय. लातूरकडचा. पेठेत कॉट बेसिसवर राहतो, दिवसभर अभ्यासिकेत, चष्मा, शर्टाचं एक टोक बाहेर. पहिल्या मेसेजमध्ये त्याने विचारलं, तुझ्या फोटोत मागे आहे तो सिंहगड का राजगड? प्लेसचं अवाक्षर नाही. आम्ही झेड ब्रिजवर बसलो. गाड्यांवर जोडपी रांगेने, मध्ये आम्ही दोघे. आमच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. या राज्यात दोन पुरुष दिवसभर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फिरू शकतात, उसाच्या रसाचा एक ग्लास दोघांत पिऊ शकतात, सगळ्यांना ती दोस्ती वाटते. एवढं सुख आम्हाला आहे, ते मी नाकारत नाही. हळूहळू तो घरी यायला लागला. भाकरी मस्त करतो. रात्री माझ्याकडे झोपला की सकाळी म्हणतो, पुण्यात आल्यापासून इतकी झोप लागली नव्हती.

आणि इथेच माझ्या डोक्यात किडा शिरला. याला मी आवडतो की ही शांतता? पाच जणांच्या खोलीतून आलेल्या कोणालाही पंखा, गादी आणि बंद दार आवडणारच. विचारावं तर तो दुखावणार, न विचारावं तर मी आतल्या आत कुढणार. ‘प्लेस प्लेस’ करणाऱ्या त्या टोळभैरवांनी माझं हे करून ठेवलंय. कोणी प्रेमाने बघितलं तरी मी आधी मागे वळून दार बघतो.

तेवढ्यात जूनमध्ये ताईचा फोन. “अरे, गोट्याला पुण्यात ॲडमिशन मिळाली. हॉस्टेलचं होईपर्यंत तुझ्याकडे राहील. एकटाच तर असतोस, जागा आहे ना तुझ्याकडे?” तिलाही तेच! एकटाच तर असतोस! मी काय सांगणार होतो? ‘ताई, नको, माझ्याकडे एक जण येतो’? आईने मागून ओरडून सांगितलं की लोणचं पाठवतेय. झालं. लग्न झालेलं असतं तर याच ताईने शंभरदा विचार केला असता, वहिनीला अडचण नको म्हणून. माझ्या संसाराला दार नाही कारण तो संसार कोणाच्या हिशेबातच नाही.

गोट्या आला. पोरगा वाईट नाही. हॉलमध्ये गादी टाकतो, रात्री दोनपर्यंत जागतो, मामा-मामा करत डोकं खातो. हॉस्टेलचं काम ‘चालू आहे’. लातूरकर येणं कमी झालंय. म्हणतो, पूर्व परीक्षा जवळ आली. आली आहेच, मी तारीख बघितली. तरी मी हिशेब करतो, की गोट्या यायच्या आधी आठवड्यातून किती वेळा यायचा आणि आता किती वेळा येतो, आणि असा हिशेब करणाऱ्या माझीच मला चीड येते.

प्रोफाइलवर आता ठळक लिहिलंय: जागा नाही, भाचा राहायला आलाय. वाटलं, निदान हा वैताग तरी संपेल. काल एकाचा मेसेज आला. हाय नाही, नाव नाही, मुंडकं नसलेला फोटो.

‘भाचा कॉलेजला किती वाजता जातो?’

साडेनऊला जातो. मेलो तरी सांगणार नाही.